फार्गोच्या कपाळावरचं नाव

गंगापूर रोड, नाशिक
९ मार्च २०२५

प्रिय स्नेहल,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडता बाजूला ठेवलं असतंस, म्हणून पत्ता शेजारच्या वेदिकाकडून लिहून घेतला. पहिल्याच ओळीत लबाडी कबूल केली आहे, तेव्हा पुढचं वाचायला हरकत नसावी. फोनवर सांगता आलं नसतं का, असं तू म्हणशील. फोनवर तू विचारतेस, बाबा कसे आहेत. मी सांगते, बरे आहेत. आणि मग फोन आधी दुसरीने ठेवावा म्हणून आपण दोघी थांबून राहतो. तेवढ्यात हे मावलं नसतं.

तर बातमी अशी, की तुझ्या बाबांची गाडी सापडली. हो, तीच. फार्गो ट्रक. अठ्ठावीस वर्षं या घरात जिच्याबद्दल ‘तोडली’ एवढा एकच शब्द बोलला गेला, ती अख्खी आहे. सातपूरला जयराम मिस्त्रींच्या शेडमध्ये उभी आहे आणि सेल्फ मारला की चालू होते. तू इंजिनांमधली माणूस आहेस, म्हणून तुझ्यासाठी आधी हे लिहिलं. बाकीचं सावकाश लिहिते.

गेल्या वर्षी जानेवारीत मी त्र्यंबकेश्वरहून बसने परत येत होते. अंजनेरी मागे पडल्यावर रस्त्याच्या कडेला एक नवं रिसॉर्ट उभं राहत होतं. त्या रस्त्याला आता रिसॉर्टांची रांग लागली आहे. माणसं देवळात पंधरा मिनिटं काढतात आणि तरणतलावात दोन दिवस. त्या आवारात चिंचेखाली एक जुना ट्रक होता, मातीत बसलेला, टायर नसलेला, आणि त्याच्या शेजारी गॅस कटरची नळकांडी उभी करून ठेवलेली. योगायोगाने माझं लक्ष गेलं. मी ओरडून बस थांबवली. कंडक्टर म्हणाला, आजी, इथं स्टॉप नाय. मी त्याची आजी नाही, आणि असते तर त्याला शर्टाची बटणं लावायला शिकवलं असतं, एवढं सांगून मी उतरले.

रिसॉर्टचा मालक सनी नावाचा, पस्तिशीचा, गॉगल डोळ्यांवर न लावता केसांवर लावणारा. ट्रकचं तोंड मागून कापायचं, ते भिंतीत बसवायचं आणि त्याच्यापुढे वाइनचं काउंटर करायचं, असा त्याचा बेत. लोक आत सीटवर बसून फोटो काढतील, मॅडम, एकदम जुना फील येईल. मी विचारलं, गाडी कोणती आहे ही? तर म्हणे, डॉज असेल, नाहीतर बेडफर्ड, जुनं काहीतरी हाय. जुनं काहीतरी! मग मी त्याला उन्हात उभं करून शिकवणी घेतली. म्हटलं, डॉज आणि फार्गो या अंगाने जुळ्या बहिणी, नाकावरची पाटी तेवढी वेगळी, आणि ती पाटी कुणीतरी उचकटून नेलेली, म्हणून तुला कळलं नाही. पण त्या काळी आपल्याकडे कंपनीकडून नुसती चेसिस, म्हणजे चाकांवरचा सांगाडा, यायची आणि केबिन इथले सुतार लाकडाची बांधायचे. या गाडीची केबिन कंपनीची आहे, पत्र्याची, पहिल्या दिवसापासूनची. अशी गाडी आता महाराष्ट्रात शोधून सापडत नाही आणि तू तिच्यात दारूचे ग्लास ठेवणार आहेस. त्याने गॉगल काढला. निदान तेवढी रीत त्याला होती.

पण ती आपलीच, हे सिद्ध करायला नंबर हवा होता. मी सुताराकडून पेन्सिल घेतली, कटरवाल्याकडून रॉकेलचा बोळा घेतला, पर्समधून देवस्थानच्या पावतीचा कागद काढला आणि त्या चिंचेखाली गुडघे टेकून, मग कोपरं टेकून, गाडीच्या पोटाशी शिरले. सत्तरी ओलांडलेली बाई, इस्त्रीच्या साडीत. गंज पुसला, कागदाची कोरी बाजू चेसिसवर धरली आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासत गेले. आरटीओतल्या सदतीस वर्षांच्या नोकरीत असे किती छाप मी फॉर्मांवर चिकटवून घेतले असतील. आकडे एकेक करून कागदावर वर आले. शेवटचे चार, ४७१९. त्यातला सात डावीकडे कललेला; ठोकणाऱ्याचा हात त्या दिवशी हलला असावा. तो कललेला सात मी झोपेतही ओळखला असता. मी तशीच पडून राहिले. सनीला वाटलं, म्हातारी गेली. पाय हलवून बघत होता माझे.

तुला हे कधी सांगितलं नाही, कारण ते ऐकायच्या वयात तू माझ्याशी बोलत नव्हतीस. १९७६ साली आरटीओत मी खिडकीवर बसायची. कॉन्व्हेंटमधून आलेली, इंग्रजीत सही करणारी, सगळ्यांच्या चुका काढणारी. गिरणारे गावचा एक माणूस चेसिसचा छाप घेऊन आला, तो पुसट. परत पाठवला. पुन्हा आला, पुन्हा पुसट, त्यात सात आहे की एक ते कळेना. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी चिडून खुर्चीतून उठले आणि स्वतः बाहेर गेले. त्याने खांद्यावरचा धुतलेला टॉवेल काढला आणि माझे गुडघे टेकतील तिथे जमिनीवर अंथरला. मी छाप घेतला. सात वाकडाच होता. त्याच्या हाताचा काही दोष नव्हता. मी सॉरी म्हटलं नाही. तो म्हणाला, मॅडम, तुमच्या साडीला ग्रीस लागलं, माझ्यामुळं. दुसऱ्या दिवशी कामाशिवाय आला, आणि नंतर येतच राहिला. लग्नानंतरही त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. मॅडमच. लोकांना ती थट्टा वाटायची. तुझे बाबा थट्टा करत नव्हते. मी पुढे केलेल्या कागदावर ते न वाचता सही करायचे आणि विचारलं तर म्हणायचे, मॅडमनी बघितलाय ना, मंग झालं.

तुझ्या बारशाला त्यांनी गाडीच्या कपाळावर पिवळ्या रंगात ‘स्नेहल’ लिहून घेतलं, खाली लाल सावली देऊन. इथल्या द्वारका चौकातल्या पेंटरने दोन दिवस घेतले. मी म्हटलं होतं, ही काय पद्धत, मुलगी म्हणजे काय मिठाईचं दुकान आहे? ते म्हणाले, मॅडम, गाडी पुढं पुढं जाती, मंग पोरीचं नाव पुढंच पाहिजे ना. मग पुढची अठरा वर्षं ते नाव दर रात्री दादरला भाजी घेऊन गेलं आणि सकाळी परत आलं. शाळेत सोडायला गाडी आली की तू उतरण्याआधी कपाळाकडे बघून मैत्रिणींना दाखवायचीस. मी मात्र तुला कोपऱ्यावर उतरवायला सांगायची. ते तुला तेव्हाच कळलं होतं, आणि ते तू विसरली नाहीस हे मला ठाऊक आहे.

असो. सनीकडे गाडीचं आरसी बुक नव्हतं. नोंदणी रद्द केल्याशिवाय गाडी कापता येत नाही, नंबर माझ्या हातात आहे आणि आरटीओत माझ्या हाताखाली शिकलेली माणसं अजून खुर्चीवर आहेत, हे मी त्याला अशा आवाजात सांगितलं की कटरवाल्याने आपणहून नळी गुंडाळली. शेवटी तो म्हणाला, घेऊन जा मावशी, तुमचीच हाय समजा. फुकट दिली नाही, पण माझ्या पाटल्यांचं काय झालं ते विचारू नकोस. तू तशाही त्या कधी घालणार नव्हतीस. हायड्रा क्रेनने उचलून ट्रेलरवर चढवली तेव्हा चिंचेखाली चार खड्डे राहिले, चार पाय टेकून बसलेल्या जनावराखाली राहतात तसे.

आता तू विचारशील, एवढा खटाटोप का. मी बरे आहेत म्हणते, ते खोटं असतं. तीन वर्षांपूर्वी बाबा किल्ल्या विसरायला लागले, मग वार, मग गिरणाऱ्याचा रस्ता. डॉक्टर पडद्यावर मेंदूचा फोटो दाखवतात आणि काळ्या जागांवर पेन फिरवतात, जणू मला वाचता येत नाही. पहाटे उठून बाबा लुंगी खोचतात, बादली आणि फडकं घेतात आणि गल्लीत जाऊन गाडी शोधतात. ती नसते. मग दिसेल ती गाडी धुतात. सगळ्यांच्या गाड्या धुऊन झाल्या आहेत. समोरच्या डेंटिस्टने एकदा त्यांच्या हातावर वीस रुपये ठेवले. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही, सिस्टर फिलोमिनांनी लिहायला शिकवलेला हात आहे हा. बाबांनी मात्र ती नोट आणून मला दिली आणि म्हणाले, मॅडम, भाडं आलं. आणि रोज संध्याकाळी मला विचारतात, गाडी धुतली का? मला वाटलं, ही एकच गोष्ट मला देता येईल. रोज विचारतात ती गाडी एक दिवस दारात उभी करीन.

जयराम मिस्त्री साठीचे आहेत, सातपूरला जुन्या गाड्यांचं पत्राकाम करतात. पुण्याचा एक संग्राहक येऊन गाडीच्या भोवती तासभर फिरला आणि कंपनीच्या जुन्या माहितीपत्रकाची छायाप्रत देऊन गेला. त्या कागदाने माझं डोकं फिरवलं. मी जयरामना सांगितलं, हुबेहूब असंच पाहिजे. राखाडी हिरवा रंग, लाल चाकं, बाकी काही नको. वरचे गोंडे, आरशाखालची पैंजणं, फाळक्यावरची फुलं, काही म्हणजे काही नको. ते म्हणाले, मॅडम, जुना रंग जरा राहू द्या की, ते गाडीचं वय हाय. मी म्हटलं, वय माझंही आहे, मी ते कपाळावर लिहून फिरत नाही. ते हसले आणि कामाला लागले. इंजिनाला पाच महिने गेले. वायरिंग, ब्रेक, सीट, सगळ्याची छायाचित्रं माझ्याकडे आहेत, तुला बघायची असतील तर.

डिसेंबरात एके दुपारी त्यांचा फोन आला. कपाळावरचा रंग खरवडताना थरावर थर निघत होते, वर निळा, खाली पांढरा, त्याखाली कुठल्याशा टँकरची जाहिरात, आणि सगळ्यात खाली पिवळी अक्षरं. मॅडम, नाव निघतंय. ‘स्नेहल’ लिवलंय. लय झकास अक्षर हाय, लाल सावली पन शाबूत हाय. ठिवू का? मी तेव्हा गॅसवर दूध ठेवलं होतं. दूध वर येत होतं आणि मी त्याच्याकडे बघत होते. मी म्हटलं, काढा. कंपनीने ते नाव दिलेलं नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं, काढायचं म्हन्ता? मी म्हटलं, मला दोनदा सांगायची सवय नाही.

गेल्या रविवारी बाबांना घेऊन गेले. रिक्षात त्यांना काही सांगितलं नव्हतं. नवा सदरा घातला होता, दाढी मीच करून दिली होती. शेडच्या दारात ती उभी होती, धुतलेली, चकचकीत, झेंडूचा हार घातलेली. शेजारच्या शेडमधली माणसं काम सोडून आली होती. जयरामनी इंजिन चालू केलं आणि तो आवाज, स्नेहल, तो आवाज तोच होता. बाबांचा चेहरा उघडला. मी पाहिला. ते तिच्याकडे गेले, मडगार्डवर हात ठेवला, हात न उचलता दाराशी गेले, मागे जाऊन फाळक्यापर्यंत गेले, फिरून पुढे आले. मग मान वर करून कपाळाकडे बघत राहिले. दोन्ही हात वर करून बोटांनी तो पत्रा चाचपला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अंधारात बटण शोधावं तसा. पत्रा गुळगुळीत होता. जयरामनी फार चांगलं काम केलं आहे.

मग ते मागे सरकले, हात सदऱ्याला पुसले आणि जयरामना अगदी अदबीने म्हणाले, गाडी झ्याक हाय. कुनाची म्हनायची? जयराम म्हणाले, अहो, तुमचीच की, बाबा! तर हसले. म्हणाले, आमच्या गाडीवर पोरीचं नाव व्हतं. आमची तोडली, सत्त्यान्नव साली. मी पुढे झाले, त्यांचा हात धरला, म्हटलं, अहो, तोडली नव्हती, ही तीच आहे, नंबर बघा, तुमचा वाकडा सात बघा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईकडे पाहावं तसं. आणि मला समजावलं. नाय बाई, तोडली. आमच्या मॅडमनी सोता सांगितलं. मॅडम खोटं बोलत नाय.

परतताना रिक्षात ते झोपले. रात्री मी पुन्हा सांगितलं. सोमवारी सांगितलं, मंगळवारी पेन्सिलचा छाप समोर धरून सांगितलं. एवढं सगळं पुसलं गेलं, वार गेला, गिरणारं गेलं, माझा चेहराही येऊन जाऊन असतो, आणि राहिलं काय, तर माझा शब्द. तो जागचा हलत नाही. तू रविवारी फोन करतेस तेव्हा मात्र बोलणं संपल्यावरही ते फोन हातात धरून बसतात आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतात, पोरगी हाय. तुझा आवाज त्यांना अजून कुणी ओळखून द्यावा लागत नाही.

शाळेत सिस्टर फिलोमिना माफीचं पत्र लिहून घ्यायच्या तेव्हा त्यांचा एक नियम होता. तारीख लिहायची, काय केलं ते लिहायचं, खाली सही करायची. कारण लिहिलं की त्या कागद फाडायच्या. वर मी तुला बरंच काही लिहिलं, ते सगळं त्यांनी फाडलं असतं. आता लिहिते. १४ जून १९९७. मी तुझ्या बाबांपुढे गाडीच्या विक्रीचे कागद ठेवले आणि आरटीओच्या फिटनेस तपासणीचे आहेत असं सांगितलं. त्यांनी सही केली. गाडी मी अंजनेरीजवळच्या एका नर्सरीवाल्याला पाण्याच्या टँकरसाठी अख्खी विकली आणि तुम्हा दोघांना सांगितलं की ती पास झाली नाही, भंगारात तोडली. त्यानंतर दरवर्षी मी त्र्यंबकेश्वरला देवासाठी गेले नाही. बसच्या खिडकीतून ती दिसायची म्हणून गेले. ती पाण्याच्या फेऱ्या मारताना पाहिली, चिंचेखाली बसताना पाहिली. जानेवारीतला योगायोग नव्हता. ५ नोव्हेंबर २०१३, भाऊबीज. स्वयंपाकघरात तू मला सरळ विचारलंस, आई, गाडी खरंच तोडली का, आणि मी पाटावर बसलेल्या तुझ्या बाबांच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हटलं. तुझा विश्वास बसला नाही, आणि तू त्या दुपारी गेलीस ती आलीच नाहीस. २ डिसेंबर २०२४. तुझं नाव सापडलं आणि मी ते काढायला लावलं. आता मागणं एकच आहे, आणि ते क्षमेचं नाही. द्वारकेचा पेंटर कधीच गेला. कपाळ मी तसंच मोकळं ठेवायला सांगितलं आहे. तू ये. बाबांना सातपूरला घेऊन जा, त्यांचा हात त्या पत्र्यावर ठेव, त्यावर तुझा हात ठेव, आणि ते ज्या आवाजाला ओळखतात त्या आवाजात त्यांना सांग की ही आपलीच गाडी आहे, ती कधी तोडली नव्हती, मॅडम खोटं बोलल्या. माझ्याकडून ते मानत नाहीत. तुझ्याकडून मानतील. त्यानंतर ते मला मॅडम म्हणणार नाहीत, हे मला माहीत आहे. तरी सांग. मी शेडच्या बाहेर उभी राहीन.

तू म्हणशील तरच तुझीच,
आई